काडी टाकणारा पुण्यात, धूर शहापुरात

माई,

बेळगावच्या शहापुरात माझं साड्यांचं दुकान आहे. आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप मीच काढला, ॲडमिनही मीच. साठेक जण आहेत. निम्मे इथले, बाकीचे पुणे-मुंबई-गोव्याला. शाळा मराठी, पण चार-पाच जणांच्या घरी कन्नड. त्याचं कधी कुणाला काही वाटलं नव्हतं. आता पुण्यात असलेला एक मित्र सीमाप्रश्नाची कसलीही बातमी आली की सुरू होतो. ‘बेळगावकरांनो, बांगड्या भरा.’ ‘मराठी बोलायला परवानगी घेतली का रे?’ कुणी चिडलं की म्हणतो, ‘गंमत केली, लगेच तापता काय.’ गेल्या १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि आपला काळा दिन, त्याने टाकलं, ‘ग्रुपातल्या घरभेद्यांनी आज गोडधोड केलं असेल.’ ज्याच्यासाठी होतं तो, माझ्या बाकावरचा मित्र, एक शब्द न बोलता लेफ्ट झाला. माझं डोकं फिरलं. रात्री दोनला मी लांबलचक उत्तर लिहिलं. त्याच्या नादात कानडी लोकांबद्दलही नको ते लिहून बसलो. कुणीतरी स्क्रीनशॉट काढला. चार दिवसांनी मला माल देणारे खासबागचे विणकर फोन पुढे करून विचारतात, ‘सावकार, हे तुम्ही लिहिलंय?’ त्या मित्राला काढावं तर बाकीचे म्हणतात, खरं बोलतो म्हणून काढतोस, मराठीद्रोही आहेस. शिवाय आमच्यातल्या एकाच्या ऑपरेशनला सगळ्यात जास्त पैसे त्यानेच दिलेत. बायको म्हणते फोन विहिरीत टाका. काय करू?

– एक ॲडमिन, शहापूर

दादा, फोन विहिरीत नको. आपल्या शहापूर-वडगावच्या विहिरींनी आधीच पुष्कळ सोसलंय.

तुमचं पत्र जागेअभावी कापून छापलंय. मूळ पत्रात त्याला काढू की नको हे पानभर आहे आणि रात्री दोनच्या उत्तराबद्दल दोन ओळी. मी आधी त्या दोन ओळींकडे जाते. कारण ग्रुपाबाहेर गेलं ते त्याचं लिखाण नव्हे, तुमचं.

त्याच्या ओळी परत वाचा. एकातही कुणाचं नाव नाही. धड विधान नाही. प्रश्न आहे, टोमणा आहे, ‘असेल’ आहे. उद्या कुणी जाब विचारला तर ‘मी कुठे कुणाला म्हटलं?’ म्हणायला तो मोकळा. काड्या करणारा असंच लिहितो, निसटायला जागा ठेवून. तुम्ही मात्र पूर्ण वाक्यं लिहिलीत, स्वतःच्या नावाने, आणि बहुधा डीपीला दुकानाचा फोटो लावून. त्याला वाद जिंकायचा नव्हताच. तुमच्या तोंडून काहीतरी काढून घ्यायचं होतं, ते त्याने काढलं.

आणि काय काढलं ते बघा. तुम्ही उठलात कन्नड बोलणाऱ्या मित्रासाठी, आणि शिव्या घातल्यात कन्नड बोलणाऱ्यांना! हे कसं झालं असेल याचा मी विचार केला. मला वाटतं, ‘घरभेदी’ हा शब्द तुमच्या मित्राला लागला तसाच तुम्हालाही लागला. मित्राची बाजू घेतो म्हणजे आपण कच्चे मराठी ठरू, म्हणून लिहिता लिहिता आपण पक्के आहोत हे दाखवायला तुम्ही चार वाक्यं जास्तीची घातलीत. चिथावणीचा खरा गळ तिथे असतो. समोरच्याला उत्तर देताना माणूस आपल्याच लोकांना पुरावा द्यायला लागतो, आणि पुरावा नेहमी प्रमाणाबाहेर दिला जातो.

स्क्रीनशॉट कुणी काढला याचा शोध घेऊ नका. साठ जणांत तो सापडणार नाही, संशय तेवढा उरेल. व्हॉट्सॲपने फॉरवर्डवर पाच गप्पांची मर्यादा घातली, पुन्हापुन्हा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण स्क्रीनशॉट म्हणजे नवा फोटो. त्यावर ‘फॉरवर्डेड’ची खूणही नसते. आपण एका ग्रुपपुरतं लिहितोय असं समजून कुणी कधी लिहू नये, निदान आपल्या गावात तरी.

कायद्याचंही ऐकून ठेवा, कारण ॲडमिन म्हटलं की लोक घाबरतात, आणि तुम्ही चुकीच्या गोष्टीला घाबरताय. दुसऱ्या सभासदाने काही टाकलं म्हणून केवळ ॲडमिन असल्यामुळे तुम्ही दोषी ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच सांगितलं आहे. पण स्वतः लिहिलेलं स्वतःचंच असतं. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (१ जुलै २०२४ च्या आधी भारतीय दंड संहितेचं १५३अ) धर्म, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण यांच्या जोडीला भाषेचंही नाव घेतं. या कारणांवरून गटागटांत वैर वाढवणारं लिखाण, इलेक्ट्रॉनिक माध्यमातलंसुद्धा, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र ठरू शकतं. म्हणजे पुण्यातला ‘असेल’ लिहिणारा राहिला बाजूला, अडचणीत यायची शक्यता तुमची जास्त. घाबरवायला सांगत नाही. पोलीस ठाण्यातून फोन आलाच तर स्वतः खुलासे करत बसू नका, वकिलाला घेऊन जा.

आता ही काडी इथेच का पेटते? पुण्यातल्या त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो पार्किंगवरून कुणाला डिवचत असेल, तर फार तर दोन मजल्यांचं बोलणं बंद होईल. आपल्याकडे तसं नाही. १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ ला नेमला, त्याचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला २००४ ला, आणि निकाल अजून यायचाय. तीन पिढ्यांचं दुखणं आहे ते, खरं दुखणं. खोटं असतं तर कुणी त्याला बोट लावून पाहिलं नसतं.

आणि फोनमधली गोष्ट आपल्याकडे फोनमध्ये राहत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरूत शिवरायांच्या पुतळ्यावर शाई ओतल्याचा व्हिडिओ फिरला. त्याच रात्री बेळगावात गाड्यांवर दगड पडले आणि अनगोळात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची नासधूस झाली. हे रायण्णा कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे शिलेदार. इंग्रजांनी त्यांना १८३१ मध्ये फाशी दिलं ते नंदगडला, आपल्या खानापूर तालुक्यात, मराठी बोलणाऱ्या मुलखात. समाधीही तिथेच. शिवरायांच्या अपमानाचा राग रायण्णांवर का निघावा, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. राग निघाला एवढंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून वाद होऊन कंडक्टरला मारहाण झाली, लगेच तिकडे चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळं फासलं, आणि दोन राज्यांतल्या बस थांबल्या. निपाणीहून कोल्हापूरला दवाखान्यात जाणाऱ्यांनी कुणाला काय म्हटलं होतं? कोल्हापूरचंच घ्या. जून २०२३ मध्ये काही पोरांच्या स्टेटसवरून तिथे दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं.

या प्रत्येक वेळी शटर कुणाचं खाली येतं हे साड्यांच्या दुकानदाराला मी सांगायला नको. तुमच्या मित्राच्या ऑफिसला त्या दिवशी सुट्टी नव्हती.

तो असं का करतो, हेही तुम्ही विचारलंय. फेसबुकसारख्या ठिकाणी उत्तर सोपं आहे, तिथे संतापाला भाव मिळतो. २०१७ पासून काही वर्षं फेसबुकच्या गणितात रागाच्या इमोजीचं वजन साध्या लाइकच्या पाचपट धरलं होतं, ते पुढे कमी करत २०२० मध्ये शून्यावर आणलं. एक्सवर तर जास्त गडबड उडवणाऱ्याला पैसेही मिळू शकतात. पण दहावीच्या ग्रुपवर कोण पैसे देतो? तिथे मिळतं ते लक्ष. साठ जणांपैकी चाळीस जण एरवी ‘गुड मॉर्निंग’ला बघतसुद्धा नाहीत. याने ‘बांगड्या भरा’ टाकलं की अर्धा तास सगळे जागे!

कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये लिहिलं की ज्यांना ऑनलाइन डिवचण्यात मजा वाटते, त्यांच्यात दुसऱ्याला त्रास होताना बघून सुखावण्याची वृत्ती जास्त दिसते. हे वाचून सोपं वाटतं, तो दुष्ट, आपण बरे. पण २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी वेगळंच पाहिलं. साध्यासुध्या माणसांना आधी अवघड परीक्षा देऊन त्यांचा मूड घालवला आणि वर दुसऱ्यांचे वाकडे शेरे दाखवले, तेव्हा वाकडं लिहिणाऱ्यांचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेलं. असं लिखाण रात्री उशिरा वाढतं आणि सकाळी सगळ्यात कमी असतं, हेही त्यांना आढळलं. तेव्हा दादा, रात्री दोनला तुमच्यात आणि त्याच्यात फार अंतर नव्हतं. हे वाईट वाटू द्या, पण फार नको.

आणखी एक माझा आपला अंदाज. गाव सोडून गेलेल्याच्या मनात गाव त्याने सोडलं त्या वर्षात थांबतं. त्याच्या बेळगावात अजून तुम्ही दोघं सायकलवरून शाळेत जाताय. इथे राहणाऱ्याला मात्र रोज खासबागच्या विणकराशी कन्नडमध्ये, कॅम्पातल्या गिऱ्हाइकाशी हिंदीत आणि घरी मराठीत जगावं लागतं. ही तडजोड त्याला शरणागती वाटते, कारण त्याला ती करावीच लागलेली नाही. पुण्यात बसून मराठी असणं फुकट आहे.

यावरून ‘मराठीद्रोही’कडे येते.

सीमाभागात मराठी टिकली ती कुणामुळे? कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी या खेड्यांत साहित्य संमेलनं भरतात. मांडव घालणारे गावकरीच, जेवणाच्या पंगती वाढणारेही तेच. १ नोव्हेंबरला मूक सायकल फेरी निघते, तिच्या नावातच ‘मूक’ आहे. घटनेच्या ३५०अ कलमानुसार मुलांना मातृभाषेत प्राथमिक शिक्षण मिळावं, किंवा ज्या भागात भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे सरकारी परिपत्रकं त्यांच्या भाषेत मिळावीत, यासाठी माणसं वर्षानुवर्षं निवेदनं घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या चढतात. या कामात वर्गमित्राला घरभेदी म्हणायची गरज एकदाही पडत नाही. तेव्हा तुम्हाला मराठीद्रोही म्हणणाऱ्यांपुढे मान खाली घालू नका. त्यांना एवढंच विचारा, आपल्याबरोबर मराठी शाळेत शिकून मराठीत परीक्षा दिलेला एक कन्नड घरचा मुलगा ग्रुपातून गेला, यात मराठीचा फायदा काय झाला?

थट्टेला माझी हरकत नाही. बेळगावकराची जीभ सरळ चालतच नाही, वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नड ‘होगली बिडो’वर (जाऊ दे, सोड) संपतं, आणि त्यावर आपणच हसतो. पण ज्याची थट्टा केली तो गप्प झाला, की थट्टा करणारा थांबतो. तुमचा मित्र तिथून पुढे सुरू होतो. ‘गंमत’ म्हणणाऱ्याची एवढी परीक्षा पुरे.

आता करायचं काय. पहिलं पाऊल ग्रुपवर नाही. बाकावरच्या मित्राच्या घरी जा. फोन, मेसेज नको, स्वतः जा, आणि शक्यतो वहिनींना घेऊन, म्हणजे दोघं पुरुष दारातच उभे राहून ‘काही नाही रे, सोड की’ म्हणून विषय मिटवणार नाहीत. त्याला ग्रुपवर परत ये म्हणू नका. ‘तुला जावं लागलं याचं वाईट वाटलं, आणि नंतर मी लिहिलं तेही वाईट होतं,’ एवढं सांगून चहा घ्या. तो चिडला तर चिडू दे. तुम्हाला ऐकून घ्यायचंय.

विणकरांना मात्र कन्नडमध्ये सांगा. तुम्हाला येतंच, नाहीतर खासबागेत धंदा उभा राहिला नसता. ‘हो, मीच लिहिलं, रागात लिहिलं, चूक झाली.’ ‘पण आधी त्याने…’ हे शब्द आले की माफी फुकट गेली. आधी त्याने काय केलं याच्याशी त्या माणसाला काय देणंघेणं? हेच ग्रुपवरही एका ओळीत टाका आणि त्याखाली येणाऱ्या अंगठ्यांना, सल्ल्यांना उत्तर देऊ नका.

मग पुण्याला फोन. रविवारी सकाळी करा, तो चहा घेत असताना. व्हॉइस नोट अजिबात नको, तीही फिरते. त्याला म्हणा, ‘तू लिहितोस, दुकान माझं आहे.’ तो तीन गोष्टी म्हणेल. गंमत केली, म्हणेल. त्यावर मघाचीच परीक्षा सांगा. मी खरं तेच बोलतो, म्हणेल. तेव्हा काम सांगा. एखाद्या गावच्या संमेलनाला ये, खानापूरकडच्या एखाद्या मराठी शाळेला पुस्तकं पाठव, परिपत्रकांच्या निवेदनाचा खर्च उचल. हे त्याला उघडं पाडायला सांगत नाही (थोडं त्यासाठीही सांगते), पण खरंच कळकळ असेल तर तिला वाट मिळेल. त्याच्या खिशात पैसा आहे आणि तो सोडतोही, हे ऑपरेशनच्या वेळी दिसलंच आहे. आणि तिसरं, तू घाबरलास, असं म्हणेल. तेव्हा सरळ सांगा, ‘हो, घाबरलो. मी इथे राहतो.’

फोनने भागलं तर उत्तम. नाही भागलं तर ग्रुपवर नियम टाका, आणि इथे बहुतेक ॲडमिन एक घोळ घालतात तो करू नका. ‘आजपासून राजकारण, सीमाप्रश्न बंद’ असं लिहू नका. एका माणसाच्या आगाऊपणाची शिक्षा ज्यांना या प्रश्नाची खरी आच आहे त्यांना कशाला? सीमाप्रश्नावर बोला, भरपूर बोला, भांडा. फक्त ग्रुपातल्या कुणाच्याही घरच्या भाषेवर, जातीवर, बायकामाणसांवर बोलायचं नाही. एकदा सांगणार, दुसऱ्यांदा काढणार. मग दुसऱ्यांदा झालं की खरंच काढा, त्याच दिवशी, भाषण न ठोकता. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. मात्र त्यात धमकी असेल तर आधी तारखेसकट जपून ठेवा.

‘बायकामाणसांवर’ मुद्दाम लिहिलं. तुमच्या बॅचला मुली असतीलच. अख्ख्या पत्रात एकीचाही उल्लेख नाही. ‘बांगड्या भरा’ ग्रुपवर पडल्यावर त्यातली एक तरी काही बोलली का? नसेल, तर गप्प झालेली माणसं तुम्ही समजता त्यापेक्षा बरीच जास्त आहेत. त्यांच्यातल्या एकीला दुसरी ॲडमिन करा. एकट्याने हे ओझं वाहिलं की प्रत्येक निर्णय तुमच्या दुकानाच्या दारात येतो.

ऑपरेशनच्या पैशांचं ओझं मनावर घेऊ नका. त्याने ते आजारी मित्रासाठी दिले, तुम्हाला गप्प बसवण्यासाठी नाही, आणि तो स्वतःही बहुधा तसं म्हणणार नाही. ग्रुपातून काढलं तरी त्याचा आभारी राहता येतं. दिवाळीला तो बेळगावात आला की नेहमीसारखं घरी जेवायला बोलवा. बाकावरच्या मित्राला त्याच दिवशी बोलावू नका, एवढं सांभाळा.

आणि १७ जानेवारी, १ जून हे हुतात्म्यांचे दिवस आणि १ नोव्हेंबरचा काळा दिन, या तारखांचं आधीच ठरवून ठेवा. त्या दिवशी अभिवादनाचा मजकूर तुम्ही किंवा दुसऱ्या ॲडमिनने सकाळी टाकावा, चर्चा दिवसभर होऊ द्यावी आणि रात्री दहानंतर ‘फक्त ॲडमिन’ हे सेटिंग लावावं. तेवढ्या रात्री तुमचा स्वतःचा फोन वहिनींकडे. पुण्याहून कुणी ओरडायला फोन केला तर सकाळी उचला.

– माई

(पत्रलेखकाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)